सीटी२६ आणि एमसी३८ : आतड्याच्या कर्करोगावरच्या प्रयोगात उंदराच्या सेल लाइन कशा वापराव्यात

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उंदरांत काम करायचं ठरलं की बहुतेक प्रयोगशाळांत दोनच सेल लाइनची (म्हणजे फ्लास्कमध्ये अखंड वाढवता येणाऱ्या कर्करोगपेशींची) नावं पुढे येतात, सीटी२६ आणि एमसी३८. दोन्ही लाइन भराभर वाढतात, फार लाड मागत नाहीत आणि प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरातही गाठ धरतात. या सोपेपणामुळेच घात होतो. फ्लास्क शेजारच्या प्रयोगशाळेतून उसना येतो, प्राणीगृहात जे उंदीर शिल्लक असतील ते घेतले जातात, आणि तीन आठवड्यांनी आलेख इतका विस्कटलेला निघतो की औषधाचा परिणाम झाला की नाही हेच सांगता येत नाही. मग दोष औषधाला दिला जातो.

असे प्रयोग बहुधा सुई टोचण्याच्या दिवसाआधीच बिघडलेले असतात. म्हणून खाली सुरुवातीच्या तयारीवर मुद्दाम जास्त जागा दिली आहे. क्रम आहे तसाच पाळावा. उंदीर धरणं, टोचणं, शस्त्रक्रिया करणं या गोष्टी वाचून येत नाहीत, त्या प्रशिक्षित माणसाच्या हाताखालीच शिकायच्या.

टप्पा १ : आधी प्रश्न, मग लाइन

"आमच्याकडे सीटी२६ आहे" हे सीटी२६ वापरण्याचं कारण होऊ शकत नाही. दोन्ही लाइन १९७०च्या दशकात रसायन देऊन तयार केलेल्या गाठींतून आल्या. सीटी२६ ही बाल्ब/सी उंदरातली, तर एमसी३८ ही सी५७बीएल/६ उंदरातली. दोन्हींची गाठ फारशी आतड्यासारखी दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींची रचना जवळपास सापडत नाही, पेशी अविकसित आणि दाटीवाटीने वाढलेल्या दिसतात.

निवड करताना जनुकांची बाजू महत्त्वाची. सीटी२६ मध्ये केरास जनुकात जी१२डी हा बदल आहे, पण एपीसी आणि पी५३ ही गाठीला आवर घालणारी दोन्ही जनुकं मूळ रूपात आहेत. माणसांच्या आतड्याच्या कर्करोगात सुमारे ८० टक्के गाठींत एपीसी बिघडलेलं असतं, हे लक्षात घेतलं की ही तफावत केवढी आहे ते कळतं. एमसी३८ मध्ये पी५३ बदललेलं आहे आणि एकूण बदलांची संख्या इतकी मोठी आहे की ती मायक्रोसॅटेलाइट अस्थिर (डीएनए दुरुस्ती बिघडल्याने बदल साठलेल्या) गाठींच्या जवळ जाते.

यावरून काही ठोस निर्णय निघतात :

– प्रश्न वेंट मार्गाचा (पेशींना वाढीचे संदेश देणाऱ्या, एपीसी आवरून धरतं त्या साखळीचा) किंवा एपीसी बिघाडाचा असेल तर सीटी२६ हे चुकीचं साधन आहे. त्यासाठी एपीसी, केरास, पी५३ बदलून तयार केलेले उंदराचे ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत वाढवलेले छोटे अवयवासारखे गोळे) किंवा जनुकबदल केलेले उंदीर बघा.

– केरास जी१२सी रोखणारं औषध, उदाहरणार्थ सोटोरासिब, मूळ सीटी२६ वर चालणार नाही, कारण तिथे बदल जी१२डी आहे. या कामासाठी जनुक संपादन करून जी१२सी घातलेली सीटी२६ वेगळी बनवावी लागते.

– प्रश्न प्रतिकारशक्तीचा असेल तर दोन्ही लाइन उपयोगी आहेत, आणि शक्यतो दोन्ही वापराव्यात. एकाच लाइनमध्ये दिसलेला परिणाम त्या लाइनचाच गुण असू शकतो.

– गुदाशयाच्या कर्करोगासाठी सीएमटी-९३ ही तिसरी लाइन आहे. ती कमी वापरली जाते आणि तिच्याविषयी छापलेली माहितीही कमी आहे, म्हणून आधी छोटा चाचणी प्रयोग करूनच तिच्याकडे वळा.

इशारा : सीटी२६ या नावाखाली अनेक भावंडं फिरत असतात. सीटी२६.डब्ल्यूटी ही मूळ क्लोन, तर सीटी२६.सीएल२५ मध्ये जिवाणूचं बीटा-गॅलॅक्टोसिडेझ जनुक घातलेलं आहे. उंदराला ते प्रथिन परकं वाटतं. नळीवर नुसतं "सीटी२६" लिहिलेलं असेल तर नेमकी कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २ : उंदीर आणि परवानग्या

सीटी२६ फक्त बाल्ब/सी मध्ये, एमसी३८ फक्त सी५७बीएल/६ मध्ये. हा नियम पाठ असूनही मोडला जातो. बाल्ब/सी चा ऊतक-जुळणीचा प्रकार एच-२डी आणि सी५७बीएल/६ चा एच-२बी. जोडी उलटी झाली तर उंदीर त्या गाठीला परक्या अवयवासारखं नाकारतो. गाठ आठवडाभर दिसते आणि मग विरून जाते. औषध दिलेलं असेल तर तो औषधाचाच विजय वाटतो.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न असेल तर नग्न किंवा स्किड उंदीर घेऊ नका. त्यांच्यात टी-पेशी नसतात, म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच गायब. मात्र टी-पेशी काढून टाकल्यावर औषधाचा परिणाम उरतो का, हे दाखवायला तेच उंदीर दुसऱ्या फेरीत उपयोगी पडतात.

एकाच ठिकाणाहून, एकाच वयाचे, एकाच लिंगाचे उंदीर एकाच वेळी मागवा. साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या माद्या घेण्याची पद्धत आहे, कारण अनोळखी नर एकत्र ठेवले की भांडतात आणि पाठीवरच्या जखमांनी गाठीची मोजणी खराब होते. सी५७बीएल/६ मध्येही जे आणि एन अशा उपशाखा आहेत. अर्धे इथून, अर्धे तिथून असं करू नका. आतड्यातले जिवाणू पैदासगृहानुसार बदलतात आणि इम्युनोथेरपीला मिळणारा प्रतिसादही त्याबरोबर बदलतो. उंदीर आल्यावर निदान ७ दिवस त्यांना नव्या जागेत रुळू द्या.

भारतात संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही उंदीर मागवता येत नाही. अर्ज बी-फॉर्मवर करायचा. देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. ल्युसिफरेज किंवा हिरवं चमकणारं प्रथिन घातलेली लाइन असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावं लागतं, आणि हा दुसरा अर्ज बरेच जण विसरतात. गाठ किती मोठी झाली की प्रयोग थांबवायचा, वजन किती घटलं की उंदराला वेदनारहित मरण द्यायचं, गाठीला व्रण पडला तर काय करायचं, हे आकडे अर्जातच लिहून टाका. प्रयोग रंगात आल्यावर ते ठरवायला बसलात तर मन नेहमी "अजून दोन दिवस" म्हणतं, आणि ते दोन दिवस उंदीर सोसतो.

टप्पा ३ : पेशी आल्यावर पहिला आठवडा

लाइन नोंद असलेल्या भांडारातून घ्या. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशी भांडार हे महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांना सर्वात जवळचं ठिकाण. हवी ती लाइन तिथल्या यादीत आहे का हे आधी पाहा, नसेल तर परदेशातून मागवा. मित्राकडून घेतलेला फ्लास्क वाईटच असतो असं नाही, पण त्याचा पॅसेज (पेशी विभागून नव्या फ्लास्कमध्ये नेण्याची फेरी) कितवा आणि शेवटची तपासणी कधी झाली याचं उत्तर बहुधा मिळत नाही. एमसी३८ बाबत ही काळजी दुप्पट घ्यावी. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दशकानुदशकं वाढलेल्या तिच्या शाखा एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या आहेत की पीडी-एल१ (टी-पेशींना थोपवणारं प्रथिन) विरोधी उपचाराला एक शाखा चांगला प्रतिसाद देते, तर दुसरी जेमतेम.

१. नवी नळी वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात फक्त एवढा वेळ धरा की आत बर्फाचा छोटासा खडा शिल्लक राहील. मग पेशी लगेच गरम माध्यमात सोडा, हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून डीएमएसओ (गोठवताना घातलेलं रसायन) काढून टाका आणि फ्लास्कमध्ये पसरा.

२. हा फ्लास्क वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. ते शक्य नसेल तर रोज सगळ्यात शेवटी हाताळा, आणि त्याची माध्यमाची बाटली वेगळी ठेवा.

३. अँटिबायोटिकशिवाय किमान दोन पॅसेज वाढवा आणि मगच मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूची) पीसीआर तपासणी करा. ताज्या माध्यमातला नमुना उपयोगाचा नाही. पेशी दाट झाल्यावर, माध्यम दोन-तीन दिवसांचं झाल्यावर वरचा द्रव घ्या.

४. ओळख पटवण्यासाठी उंदराच्या डीएनएची एसटीआर चाचणी मागवा. मानवी पेशींसाठीचा नेहमीचा संच इथे चालत नाही. उंदरांच्या चाचणीत काही मानवी मार्करही घेतलेले असतात, त्यामुळे शेजारच्या फ्लास्कमधली मानवी लाइन मिसळली असेल तर तीही पकडली जाते.

५. उंदरांना टोचायच्या पेशींत उंदरांचे विषाणू नाहीत ना, याची वेगळी चाचणी असते. अनेक प्राणीगृहं तिच्या अहवालाशिवाय पेशी आत घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एक दूषित नळी संपूर्ण प्राणीगृह आजारी पाडू शकते.

इशारा : मायकोप्लाझ्मामुळे माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसतही नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. पण तो पेशींचं चयापचय बदलतो, आणि टोचल्यावर उंदराची प्रतिकारशक्ती चाळवतो. इम्युनोथेरपीच्या प्रयोगात याहून वाईट भेसळ नाही. फ्लास्क दूषित निघाला तर औषधं घालून वाचवत बसू नका. फेकून द्या आणि नवी नळी काढा.

टप्पा ४ : बँक बनवा, मगच प्रयोग

तपासणी स्वच्छ आली की त्याच आठवड्यात पेशी गोठवा. आधी १० ते १५ नळ्यांची मुख्य बँक. त्यातली एक नळी वाढवून २० ते ३० नळ्यांची कामाची बँक. रोजच्या कामाला फक्त कामाच्या बँकेतली नळी काढायची.

९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ हे मिश्रण चालतं. दर नळीत १० ते २० लाख पेशी. तापमान मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने उतरायला हवं, म्हणून आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात घालून उणे ८० मध्ये रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. उणे ८० मध्ये महिनोन्महिने पडून राहिलेल्या नळ्या उघडल्यावर निम्म्या पेशी मेलेल्या निघतात, तरीही "नंतर हलवू" म्हणून त्या तिथेच राहतात.

तपासा : बँक झाल्यावर एक नळी परत वितळवून पाहा. जिवंतपणा आणि मायकोप्लाझ्मा दोन्ही तपासा. हे केलं नाही तर बँक आहे असं धरू नका.

टप्पा ५ : रोजची वाढ

सीटी२६ ला आरपीएमआय-१६४० आणि १० टक्के सीरम पुरतं. एमसी३८ डीएमईएममध्ये वाढवतात, त्यात १० टक्के सीरम, ग्लुटामिन, सोडियम पायरुवेट, अनावश्यक अमिनो आम्लं आणि हेपेस घालण्याची रीत आहे. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन्ही लाइन साधारण दिवसभरात दुप्पट होतात. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी ६० टक्के भरलेला फ्लास्क सोमवारी सकाळी गच्च भरलेला आणि पिवळा पडलेला असतो. शुक्रवारी विरळ पेरा, आणि पेशी नेहमी ७० ते ८० टक्के भराव असतानाच विभागा.

एकदा गच्च भरून उपाशी राहिलेल्या पेशी विभागल्यावर पुन्हा वाढू लागतात, म्हणून नुकसान दिसत नाही. पण चिकटून न राहता तरंगत्या राहिलेल्या पेशी टिकतात आणि हळूहळू लाइनचा स्वभाव बदलतो. नळी वितळवल्यापासून १० पॅसेजच्या आत प्रयोग संपवावा, असा नियम मी सुचवेन. आकडा थोडा मागेपुढे करा, पण एकदा ठरवलेला सगळ्या प्रयोगांसाठी तोच ठेवा.

सीटी२६ च्या पेशी लांबट, फायब्रोब्लास्टसारख्या दिसतात. हे पाहून नवखे विद्यार्थी दचकतात आणि भेसळ समजून फ्लास्क टाकून देतात. तो आकार तिचा स्वाभाविक आहे. पण एखाद्या आठवड्यात पेशी अचानक वेगळ्या दिसू लागल्या, गोल झाल्या, किंवा दुप्पट व्हायचा वेळ बदलला, तर थांबा आणि टप्पा ३ पासून पुन्हा तपासा.

टप्पा ६ : प्लेटमधल्या चाचण्या

९६ खान्यांच्या प्लेटमध्ये या लाइन दाट पेरल्या जातात, ही नेहमीची चूक. ७२ तासांची चाचणी असेल तर खान्यामागे १ ते ३ हजार पेशींपासून सुरुवात करून आधी वाढीचा आलेख काढा. औषध न दिलेले खाने शेवटपर्यंत सरळ वाढत राहिले पाहिजेत. ते दुसऱ्याच दिवशी गच्च भरले तर औषधाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. कडेच्या खान्यांतून पाणी उडतं, तिथे नुसतं बफर भरा. एमटीटी चाचणी चयापचय मोजते, मरण मोजत नाही. "पेशी मेल्या" असं लिहायचं असेल तर अ‍ॅनेक्सिन किंवा तत्सम, मरणाऱ्या पेशी ओळखणारा दुसरा पुरावा जोडा.

टप्पा ७ : टोचण्याचा दिवस

हा टप्पा सविस्तर आहे, कारण इथे मिनिटं मोजावी लागतात.

आदल्या दिवशी उंदरांच्या कुशीवरचे केस काढा. त्याच दिवशी फ्लास्कना ताजं माध्यम द्या. टोचायच्या दिवशी पेशी ६० ते ८० टक्के भरावाच्या, जोमाने वाढत असलेल्या हव्यात. आधी प्राणीगृहात सगळी मांडणी करून घ्या : पिंजरे क्रमाने, सिरिंज, २६ किंवा २७ गेजच्या सुया, कानाचे क्रमांक, नोंदवही. मगच पेशी उचला. उलट केलंत तर पेशी बर्फावर ताटकळतात.

१. पेशी बफरने धुवा, ट्रिप्सिन घाला, दोन-तीन मिनिटांत पेशी सुटतात. सुटल्या की लगेच सीरमयुक्त माध्यमाने ट्रिप्सिन थांबवा. जास्त वेळ ट्रिप्सिनमध्ये राहिलेल्या पेशींची पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात.

२. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. गठ्ठे राहिले तर एका उंदराला ३ लाख आणि दुसऱ्याला ८ लाख पेशी जातात.

३. थंड बफरने दोनदा धुवा. ही पायरी कोणी गाळू नये. माध्यमातलं गाईचं सीरम उंदराला परकं आहे, ते गाठीबरोबर टोचलं गेलं तर त्याच्याविरुद्धच प्रतिसाद उभा राहतो.

४. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) घालून मोजा. जिवंत पेशी ९० टक्क्यांहून कमी असतील तर त्या दिवशी टोचू नका. मेलेल्या पेशी स्वतःच प्रतिकारशक्तीला इशारा देतात.

हिशेबाचं एक उदाहरण बघा. १० उंदरांना प्रत्येकी ५ लाख एमसी३८, १०० मायक्रोलिटरमध्ये द्यायच्या आहेत. म्हणजे द्रवात मिलिलिटरला ५० लाख पेशी हव्यात. सिरिंजमध्ये अडकणारा आणि सांडणारा भाग धरून १५ उंदरांपुरतं करा : १.५ मिलि, म्हणजे ७५ लाख पेशी. तुमच्याकडे १० मिलि द्रव आहे. पेशी मोजायच्या काचेच्या (हिमोसायटोमीटरच्या) चार कोपऱ्यांतल्या चौकटींत मिळून २४० जिवंत पेशी दिसल्या. सरासरी ६०, रंगामुळे दुप्पट पातळ झालं म्हणून गुणिले २, आणि गुणिले १० हजार. मिलिलिटरला १२ लाख. ७५ लाखांसाठी ६.२५ मिलि लागेल. पण धुताना काही पेशी जातात, म्हणून ७ ते ८ मिलि घ्या, धुवून झाल्यावर पुन्हा मोजा आणि मगच ५० लाखांवर आणा. शेवटची मोजणी धुण्याच्या आधीची असेल तर तुमचा डोस तुम्हाला माहीत नाही.

सीटी२६ साठी १ ते ५ लाख आणि एमसी३८ साठी ५ ते १० लाख हा नेहमीचा पल्ला आहे. तुमच्या शाखेसाठी नेमका आकडा चार-पाच उंदरांच्या चाचणी प्रयोगातून ठरवा.

५. पेशी बर्फावर ठेवा आणि तासाभरात टोचून संपवा. पेशी तळाशी बसतात, म्हणून दर वेळी नळी हलकेच उलटसुलट करा. द्रव सुईविना सिरिंजमध्ये ओढा आणि नंतर सुई लावा. बारीक सुईतून दोनदा जाताना पेशी चिरडतात.

६. कातडी उचलून सुई तिच्या खाली आडवी घाला. द्रव गेला की छोटासा उठाव दिसला पाहिजे. सुई काही सेकंद तशीच ठेवून हळू काढा. उठाव दिसला नाही, किंवा द्रव बाहेर आला, तर त्या उंदराची त्याच क्षणी नोंद करा. असा उंदीर गट पाडताना वगळायचा, निकाल पाहून नाही.

७. शेवटच्या उंदरानंतर उरलेल्या पेशी परत मोजा. जिवंतपणा ९२ वरून ७० टक्क्यांवर आला असेल तर शेवटचे उंदीर पहिल्या उंदरांशी तुलना करण्याजोगे नाहीत.

मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारी जेल) वापरायचा मोह टाळा. या दोन लाइनना त्याची गरज नाही, आणि त्यातले वाढीचे घटक गाठीभोवतीचं वातावरण बदलतात.

इशारा : कातडीखालची गाठ म्हणजे आतड्यातली गाठ नव्हे. पसरणं, यकृतातली वाढ, आतड्यातल्या जिवाणूंचा परिणाम हे तुमचे प्रश्न असतील तर अंधांत्राच्या भिंतीत, प्लीहेतून यकृताकडे किंवा कोलोनोस्कोपने आतड्याच्या अस्तराखाली टोचण्याच्या पद्धती आहेत. त्यात भूल, वेदनाशामक आणि सराव हवा. अंधांत्राच्या भिंतीत टोचताना थेंबभर द्रव पोटात सांडला तर पोटभर गाठी होतात आणि त्या "पसरलेला कर्करोग" म्हणून मोजल्या जातात.

टप्पा ८ : गट आणि मोजमाप

टोचण्याच्या दिवशीच "पहिले पाच नियंत्रण, पुढचे पाच औषध" असे गट पाडू नका. पहिल्या पाचांना ताज्या पेशी मिळाल्या आणि पुढच्यांना बर्फावर थांबलेल्या. गाठी साधारण ५० ते १०० घन मिलिमीटर झाल्या की सगळ्यांचं माप घ्या, मापानुसार क्रम लावा आणि त्या क्रमातून चिठ्ठ्या टाकून गटांत वाटा. दोन्ही गटांची सरासरी आणि विखुरणं सारखं आहे का ते बघा. शक्य असेल तिथे एका पिंजऱ्यात दोन्ही गटांचे उंदीर ठेवा. पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे पिंजरानिहाय जिवाणूंचा फरक पडतो.

घनफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. रुंदीचा वर्ग होतो, म्हणून चूक तिथेच वाढते. १० बाय ८ मिलिमीटरची गाठ ३२० येते. रुंदी ९ वाचली की ४०५. एका मिलिमीटरने पाव हिस्सा वाढला. त्यामुळे संपूर्ण प्रयोगात एकाच व्यक्तीने मापावं, आणि कोणता उंदीर कोणत्या गटातला हे तिला माहीत नसावं. औषध देणारा आणि मापणारा वेगळा ठेवणं छोट्या प्रयोगशाळेत अवघड जातं, तरी ते जमवा.

वजन दर वेळी घ्या. कोलन-२६ (सीटी२६ ज्या गाठीतून आली तीच) ही वजन झडण्याच्या अभ्यासातही वापरली जाणारी लाइन आहे. म्हणजे वजन घटलं तर ते औषधाचं विष असेल किंवा गाठीचाच परिणाम असेल, आणि हे फक्त नियंत्रण गटाशी तुलना करूनच ठरतं.

टप्पा ९ : औषध आणि प्रतिपिंड

इथली चूक महागडी असते. पेम्ब्रोलिझुमाब उंदराच्या पीडी-१ ला चिकटत नाही. सेटुक्सिमाब उंदराच्या ईजीएफआरला चिकटत नाही. ही मानवी लक्ष्यांसाठी बनवलेली औषधं सीटी२६ असलेल्या उंदराला देऊन "परिणाम नाही" असा निष्कर्ष काढणं निरर्थक आहे. उंदराच्या पीडी-१ साठी आरएमपी१-१४ ही क्लोन, उंदराच्या पीडी-एल१ साठी १०एफ.९जी२ ही क्लोन रूढ आहे. नियंत्रण गटाला नुसतं बफर देऊ नका, त्याच प्रकारचं, त्याच मात्रेत आयसोटाइप प्रतिपिंड (तशाच बांधणीचं, पण ते लक्ष्य न पकडणारं) द्या. ही प्रतिपिंडं उंदीर नव्हे, घुशीच्या कुळातल्या रॅटपासून बनवलेली असतात, म्हणून वारंवार दिल्यावर काही उंदरांना तीव्र ॲलर्जी येते. डोसनंतर अर्धा तास पिंजऱ्यापाशी थांबा.

ल्युसिफरेज किंवा हिरव्या प्रथिनाची लाइन चित्रं काढायला छान, पण ही प्रथिनंही उंदराला परकी आहेत. विशेषतः बाल्ब/सी मध्ये अशा गाठी कधी कधी आपोआप मावळतात. मूळ लाइन शेजारी वाढवून, दोघींची वाढ सारखी आहे हे दाखवल्याशिवाय चमकणारी लाइन प्रतिकारशक्तीच्या प्रयोगात घेऊ नका.

प्राइमर (जनुक शोधायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) मागवतानाही तीच काळजी. मानवी जनुकाचा प्राइमर मागवून एमसी३८ वर "जनुक व्यक्त होत नाही" असं लिहिलेले प्रबंध आहेत. आणि उंदरात बनवलेलं प्राथमिक प्रतिपिंड उंदराच्याच ऊतकावर लावलं तर दुय्यम प्रतिपिंड सगळीकडे चिकटून सगळंच तपकिरी होतं. सशात किंवा रॅटमध्ये बनवलेलं प्रतिपिंड शोधा.

टप्पा १० : गाठ काढताना

काढायची वेळ दिवसावर ठरवा की आकारावर, हे आधीच लिहून ठेवा. औषध गटातल्या गाठी छोट्या आणि नियंत्रण गटातल्या मोठ्या असतील तर आतल्या टी-पेशींचा फरक औषधामुळे आहे की आकारामुळे, हे सांगता येत नाही. मोठ्या गाठीचा मध्य मृत असतो. म्हणून प्रतिकारपेशी पाहायच्या असतील तर उपचार सुरू झाल्यावर लवकर, गाठींचे आकार अजून जवळ असताना, वेगळा गट काढा. फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून ओळखून मोजण्याच्या तंत्रात) मृत पेशींचा रंग न चुकता वापरा, आणि टी-पेशी टक्क्यांबरोबर गाठीच्या दर ग्रॅममागे किती, तेही द्या.

पूर्ण बरे झालेले उंदीर पुन्हा दुसऱ्या कुशीत टोचून प्रतिकारशक्तीला ती गाठ आठवते का हे तपासायचं असेल, तर त्याच वयाचे, कधीच न टोचलेले उंदीर बरोबर घ्या. वयाने मोठ्या उंदरात गाठ हळू वाढते, आणि तेच "स्मरण" म्हणून छापलं जातं.

टप्पा ११ : निष्कर्ष किती ताणायचा

माणसांत मायक्रोसॅटेलाइट अस्थिर गाठी एकूण आतड्याच्या कर्करोगांत सुमारे १५ टक्के, आणि पसरलेल्या आजारात ५ टक्क्यांच्या आसपास. पेम्ब्रोलिझुमाबला अमेरिकेत जून २०२० मध्ये पहिल्या उपचाराची मान्यता मिळाली ती याच छोट्या गटासाठी. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांत एकटं पीडी-१ विरोधी औषध जवळपास काम करत नाही. उंदरांत मात्र सीटी२६ आणि एमसी३८ दोन्ही अशा औषधांना काही ना काही प्रतिसाद देतात. शिवाय दोन्ही पेशी उंदराच्या जुन्या रेट्रोव्हायरसची प्रथिनं बनवतात, आणि टी-पेशींचा बराच जोर त्यांच्यावर असतो. माणसांच्या गाठीत याचा नेमका जोडीदार नाही. म्हणून एमसी३८ मधल्या यशावरून "मायक्रोसॅटेलाइट स्थिर गाठींच्या रुग्णांना आशा" असं लिहिणं चुकीचं आहे. रुग्ण आणि त्यांची माणसंही हे लेख वाचतात.

आलेखात सरासरीबरोबर प्रत्येक उंदराची रेषा दाखवा. काही उंदीर आधी मारावे लागले तर त्या दिवसानंतरची सरासरी खोटी होते, तिथेच रेषा थांबवा. पद्धतीच्या भागात लाइनचा पूर्ण क्लोन, कुठून आणली, पॅसेज, मायकोप्लाझ्मा आणि एसटीआर तपासणीची तारीख, उंदराची उपशाखा व पैदासगृह, टोचलेल्या पेशींची संख्या आणि जिवंतपणा, वगळलेले उंदीर व कारण, एवढं तरी असू द्या.

आणि प्रत्येक टोचणीच्या दिवशी उरलेल्या पेशींची एक गोळी उणे ८० मध्ये, तारीख आणि पॅसेज लिहून, वेगळ्या डब्यात ठेवा. वर्षभराने परीक्षकाने "या पेशी नक्की एमसी३८ होत्या का" असं विचारलं, तर त्याच दिवसाच्या पेशींचा डीएनए काढून उत्तर देता येतं.